मंडळीची वाचा कशाने जाते: दादरमधील सहा शनिवारांच्या अभ्यासवर्गाविषयी

दादर पश्चिमेच्या एका मराठी ख्रिस्ती मंडळीच्या (चर्चच्या) सभागृहात ‘मंडळीतील पाप आणि मंडळीची शिस्त’ या विषयावर सहा शनिवारांचा अभ्यासवर्ग घेतला जातो. वेळ संध्याकाळी ५ ते ७.३०, शुल्क ९०० रुपये, आणि त्यात छापील पुस्तिका व मधल्या सुट्टीतला चहा धरलेला आहे. शिकवणारे दोघे आहेत: एक निवृत्त ईश्वरविज्ञान शिक्षक आणि एक महिला वकील. मी सहाही शनिवार हजर होते, पुस्तिका दोनदा वाचली आणि आमच्या मंडळीचा कारभार पाहणाऱ्या दोन पंचांशी तिच्यावर बोललेही. मराठी मंडळ्यांमध्ये या विषयावर उपदेश क्वचित ऐकू येतो आणि पद्धतशीर शिकवण त्याहूनही क्वचित मिळते, म्हणून या वर्गाविषयी थोडे सविस्तर लिहिते.

मी तिथे का गेले हे आधी सांगितले पाहिजे, म्हणजे माझे मत कुठून आले हे वाचणाऱ्याला कळेल. मी ज्या मंडळीत वाढले तिथे विधवांच्या मदतनिधीतले पैसे खजिनदारांनी स्वतःच्या घरासाठी वापरले होते. पंचांना ते कळले, पाळकसाहेबांना (धर्मगुरूंना) कळले, आणि ‘प्रभूच्या नावाला बट्टा नको’ असे म्हणून ती गोष्ट बैठकीच्या खोलीतच मिटवण्यात आली. खजिनदार पदावर राहिले. लगेच काही बिघडले असे कुणाला वाटले नाही. अर्पणाच्या थैलीत तेवढेच पैसे पडत होते, बाके तेवढीच भरत होती. पुढे एका तरुणाने दारू पिऊन बायकोला मारहाण केली, तेव्हा समजावायला गेलेल्या पंचांना त्याने उंबऱ्यावरच विचारले, “काका, आधी तुमच्या खजिनदारांना विचारलंत का?” पंच तसेच परत आले. त्यानंतर अशा कामासाठी कुणीच कुणाच्या घरी गेले नाही. मार खाणाऱ्या त्या बाईचा निधीच्या चोरीशी काडीचाही संबंध नव्हता, पण त्या चोरीवर घातलेल्या पांघरुणाची किंमत तिने चुकवली. खपवून घेतलेले पाप मंडळीची वाचा कशी काढून घेते हे मी तेव्हा पाहिले, आणि कोणी त्याविषयी पवित्र शास्त्रातून नीट शिकवेल का, हे शोधत मी या वर्गापर्यंत पोहोचले.

वर्गाची सुरुवात बायबलच्या नव्या करारातल्या, प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या मंडळीला म्हणजे करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या ५ व्या अध्यायाने होते आणि पहिले दोन शनिवार याच १३ वचनांवर जातात. इतका वेळ देणे मला योग्य वाटले. करिंथ हे दोन बंदरांच्या मधले व्यापारी शहर. रोमनांनी ते इसवी सनपूर्व १४६ मध्ये उद्ध्वस्त केले आणि पुढे सुमारे १०० वर्षांनी जुलियस सीझरच्या काळात तिथे नवी वसाहत उभी राहिली. नशीब काढायला आलेली, गावचे पाश तुटलेली, नव्याने श्रीमंत झालेली माणसे तिथे राहत होती. शिक्षकांनी हे वर्णन केले तेव्हा वर्गात बसलेल्या आम्हा मुंबईकरांना त्यासाठी वेगळ्या कल्पनाशक्तीची गरज पडली नाही. त्या मंडळीतला एक मनुष्य आपल्या बापाच्या बायकोला ठेवून होता. पौल इफिसाहून पत्र लिहितो तेव्हा त्या मनुष्याचे नावसुद्धा घेत नाही. त्याच्या रागाचा मोठा वाटा मंडळीच्या वाट्याला येतो, कारण जिथे शोक व्हायला हवा होता तिथे ती फुगून बसली होती. हे वाचन मी लहानपणापासून ऐकले होते, पण त्यात आरोपीच्या पिंजऱ्यात मंडळी उभी आहे हे मला कुणी दाखवले नव्हते.

‘थोडे खमीर सगळा गोळा फुगवते’ हा त्याच अध्यायातला दृष्टान्त शिकवतानाची पद्धत विशेष आवडली. त्या काळी खमीर म्हणजे दुकानात मिळणारी पुडी नव्हती. आधीच्या दिवशीच्या आंबलेल्या कणकेचा गोळा राखून ठेवून तोच नव्या पिठात मिसळत असत, आणि वल्हांडण या यहुदी सणात घरातले सगळे जुने खमीर काढून टाकून नव्याने सुरुवात होत असे. वर्गात वसईहून येणाऱ्या एक बाई होत्या. त्या म्हणाल्या, “तळून करायच्या आमच्या फुग्यांचं पीठ एकदा आंबलं की त्यातून आंबवण वेगळं काढता येत नाही, काढायचं तर मिसळण्याआधी.” शिक्षकांनी ते वाक्य फळ्यावर लिहून घेतले. मंडळीने पहिल्या महिन्यात जे सहज करता आले असते ते दहाव्या वर्षी का करता येत नाही, याचे इतके सोपे स्पष्टीकरण मी ऐकलेले नाही.

त्याच अध्यायाच्या ११ व्या वचनातली यादी आपण अर्धीच वाचतो, हेही इथे स्पष्टपणे सांगितले गेले. जारकर्म्याच्या शेजारी पौल लोभी, मूर्तिपूजक, निंदक, मद्यपी आणि दुसऱ्याचे लुबाडणारा यांना एकाच रांगेत बसवतो. आपल्याकडे शिस्तीचा विषय निघाला की कुणाची मुलगी कुणाबरोबर दिसली इथपर्यंतच चर्चा जाते. मंडळीच्या जागेच्या पुनर्विकासात कुणी काय घेतले, भाड्याचा हिशेब कुठे गेला, यावर कोणी बोलत नाही. शिक्षकांनी आणखी एक मर्यादा आखून दिली: हा अध्याय बाहेरच्यांचा न्याय करण्यासाठी नाहीच. पौल म्हणतो की तसे असते तर तुम्हाला जगातूनच निघून जावे लागले असते. शेजारपाजाऱ्यांच्या पापांवर तासभर प्रार्थना करणाऱ्या आणि स्वतःच्या हिशेबवहीवर पाच मिनिटे न देणाऱ्या सभांना हे ऐकवण्याची गरज आहे.

तिसरा शनिवार जुन्या कराराचा होता आणि माझ्या मते संपूर्ण वर्गातला तोच सर्वांत समर्थ होता. आखानाची कथा त्यांनी थोडक्यात घेतली: यरीहोच्या लुटीतला एक झगा, २०० शेकेल रुपे आणि ५० शेकेल वजनाची सोन्याची वीट एका मनुष्याने तंबूत पुरली, आणि आय नगरापुढे ज्यांचा या चोरीशी संबंध नव्हता अशी ३६ माणसे पडली. एली या याजकावर जास्त वेळ दिला गेला. एली मुलांना काहीच बोलला नाही असे नाही. त्याने हफनी आणि फिनहास या दोघांना शब्दांनी समजावले होते. पण ते लोकांची अर्पणे लुबाडत राहिले, दर्शनमंडपाच्या दारी सेवा करणाऱ्या स्त्रियांशी कुकर्म करत राहिले, आणि त्यांच्या हातातले याजकपद त्याने काढून घेतले नाही. समज देणे आणि आवरणे यातला फरक न करणाऱ्या पंचमंडळांसाठी यापेक्षा नेमके उदाहरण सापडणार नाही. शेवटी कराराचा कोश पलिष्ट्यांच्या हाती गेला, दोन्ही मुले एकाच दिवशी मेली, आणि ती बातमी ऐकून ९८ वर्षांचा एली आसनावरून मागे कोसळला.

मग आली तामार, दावीद राजाची मुलगी. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाचा १३ वा अध्याय आमच्या उपासनेत मोठ्याने वाचला गेल्याचे मला आठवत नाही. इथे तो पूर्ण वाचला गेला, आणि वाचणाऱ्या वकील बाईंचा आवाज एका ठिकाणी थांबला. दाविदाचाच मुलगा अम्नोन याने या सावत्र बहिणीवर बलात्कार केला. तिचा सख्खा भाऊ अबशालोम तिला म्हणाला की तू गप्प राहा, तो तुझा भाऊ आहे, हे मनाला लावून घेऊ नकोस. दावीद राजाच्या कानी हे गेले, त्याला फार राग आला, आणि वचन तिथेच संपते. राजाने त्या रागाचे काय केले हे लिहिलेले नाही, कारण त्याने काही केलेच नाही. शिक्षकांनी इथे मागच्या दोन अध्यायांकडे बोट दाखवले. उरियाच्या बायकोला, बथशेबेला आणून उरियाला मारवणाऱ्या बापाने मुलाला कोणत्या तोंडाने बोलायचे? नाथान संदेष्ट्यापुढे दाविदाने पाप कबूल केले होते, त्याला क्षमाही मिळाली होती, पण घरात न्याय करायची वेळ आली तेव्हा त्याची जीभ उचलली नाही. दोन वर्षांनी मेंढरांच्या कातरणीच्या मेजवानीत अबशालोमाने अम्नोनाला मारवले, पुढे बापाविरुद्ध बंड केले, आणि त्या लढाईत २० हजार माणसे मेली. तामार मात्र भावाच्या घरी उजाड होऊन राहिली, एवढेच तिच्याविषयी कळते. ‘घरातली गोष्ट घरात’ या आपल्या लाडक्या वाक्याचा शेवट कुठे होतो, ते या एका अध्यायात लिहून ठेवलेले आहे. त्या दिवशी चहाच्या सुट्टीत बराच वेळ कुणी बोलले नाही.

चौथ्या आणि पाचव्या शनिवारी वकील बाईंचा भाग अधिक होता, आणि या वर्गाचे शुल्क केवळ त्यासाठीही भरावे असे मी म्हणेन. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या ६ व्या अध्यायात विश्वासणाऱ्यांनी एकमेकांना बाहेरच्या न्यायालयात खेचू नये असे आहे, आणि तेच वचन पुढे करून पीडितांना पोलिसांकडे जाण्यापासून परावृत्त केले जाते. त्यांनी दाखवले की तिथे पौल रोजच्या व्यवहारातल्या तंट्यांबद्दल बोलतो. गुन्ह्याच्या बाबतीत अधिकाऱ्यांच्या हाती तलवार देवानेच दिली आहे असे तोच पौल रोमकरांस लिहितो, आणि स्वतःवर अन्याय होतोय असे दिसताच कैसराकडे म्हणजे रोमी सम्राटाकडे दादही मागतो. मुलांच्या लैंगिक शोषणाबाबत तर २०१२ च्या पोक्सो कायद्याने पर्यायच ठेवलेला नाही. असा गुन्हा घडल्याचे ज्याला कळले त्याने पोलिसांना कळवलेच पाहिजे. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडपला तर एक वर्षापर्यंत. शब्बाथ शाळेच्या (मुलांच्या रविवारच्या धर्मशिक्षण वर्गाच्या) शिक्षिका म्हणून २० वर्षे काम केलेल्या एका ताईंनी हे पहिल्यांदाच ऐकत असल्याचे सांगितले. विश्वस्त संस्थांचे लेखापरीक्षित हिशेब आणि वरळीच्या धर्मादाय आयुक्त कार्यालयाचे काम यावरही अर्धा तास झाला; तो कोरडा होता, पण माझ्या वहीत सर्वांत जास्त टिपणे त्याच अर्ध्या तासाची आहेत.

जगभरातल्या उदाहरणांपैकी दोनच घेतली गेली. रवी झकरायस हे मद्रासला जन्मलेले, जगभर ऐकले गेलेले ख्रिस्ती वक्ते २०२० मध्ये वारले. २०१७ मध्येच एका स्त्रीची तक्रार बाहेर आली होती, पण त्यांच्या संस्थेने त्यांच्यावर विश्वास ठेवला. फेब्रुवारी २०२१ मध्ये संस्थेने स्वतः नेमलेल्या चौकशीच्या अहवालाने अनेक स्त्रियांचे शोषण झाल्याचे मान्य केले, तोवर ते जग सोडून गेले होते आणि त्यांच्याकडून पश्चात्तापाचा शब्द मिळण्याची वेळ निघून गेली होती. दुसरे उदाहरण अमेरिकेतल्या सदर्न बॅप्टिस्ट मंडळ्यांचे. मे २०२२ च्या अहवालातून कळले की त्यांच्या मध्यवर्ती कार्यालयात शोषणाचे आरोप असलेल्या ७०० हून अधिक व्यक्तींची यादी वर्षानुवर्षे ठेवलेली होती, आणि तक्रार घेऊन येणाऱ्यांना मात्र दार बंद होते. माझ्या मते इथे आपल्या जवळचे उदाहरण घेण्याचे टाळले गेले. त्यामागची अडचण समजते, तरीही ‘हे परदेशात होते’ अशी समजूत घेऊन काहीजण घरी गेले असतील अशी मला भीती वाटते.

पाचव्या शनिवारचा उत्तरार्ध महाराष्ट्रात राहणाऱ्या प्रत्येक विश्वासणाऱ्याने ऐकावा असा होता. ‘त्या दुष्टाला आपल्यामधून घालवून द्या’ हे वचन आपल्या कानाला जातपंचायतीच्या आवाजात ऐकू येते, कारण वाळीत टाकणे म्हणजे काय हे या मातीतल्या माणसाला सांगावे लागत नाही; आपल्यापैकी अनेकांच्या आज्या-पणज्यांनी ख्रिस्ती झाल्यावर ते सोसलेले आहे. मुंबई प्रांताने १९४९ मध्ये बहिष्कृतीविरुद्ध कायदा केला, तो दाऊदी बोहरा धर्मगुरूंच्या याचिकेवर १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवला, आणि पुढे महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा आणला, ज्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. वकील बाईंनी फरक साध्या शब्दांत सांगितला. पद काढून घेणे आणि प्रभुभोजनापासून दूर ठेवणे ही मंडळीची शिस्त झाली; बोलणे तोडणे, लग्नकार्यात अडवणे, मुलांना खेळू न देणे, दफनभूमीत जागा मिळणार नाही अशी धमकी देणे हा छळ झाला. यावर शिक्षकांनी मत्तयाच्या १८ व्या अध्यायाकडे परत नेले. आधी एकांतात, मग एक-दोघांना घेऊन, मग मंडळीपुढे, आणि तरीही न ऐकल्यास तो तुला परराष्ट्रीय व जकातदार यांच्यासारखा होवो, असे येशू म्हणतो. आणि हे लिहिणारा मत्तय स्वतः जकातदार होता, ज्याच्या घरी येशू जेवायला बसला होता. ज्याला बाहेर ठेवले त्याच्या घरी जायचे थांबवायचे नाही, हे यातून निघते. मला हे फार मोलाचे वाटले, आणि वर्गातल्या काहींना ते पटले नाही, हेही नोंदवते.

आता उणिवा. सर्वांत मोठी उणीव अशी की पुनःस्थापनेसाठी फक्त शेवटच्या शनिवारची शेवटची ४० मिनिटे ठेवली होती. करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या २ ऱ्या अध्यायात पौल विनवतो की ज्याला शासन झाले त्याला आता क्षमा करा, धीर द्या, नाहीतर तो अति दुःखात बुडून जाईल. गलतीकरांस पत्राच्या ६ व्या अध्यायात चुकलेल्याला सौम्यतेने ताळ्यावर आणा असे सांगताना मूळ ग्रीक भाषेत जो शब्द आहे, तोच शब्द याकोब आणि योहान होडीत बसून जाळी नीट करत होते तिथे वापरलेला आहे. मुंबईत कोळीवाडे आहेत, जाळ्याचा एकेक डोळा विणत दिवसभर बसलेली माणसे आपण वेसाव्याला, वरळीला पाहतो. या एका शब्दावर पूर्ण शनिवार घालवता आला असता. जे पाळक शिस्त लावतात त्यांना माणूस परत कसा आणायचा हे शिकवले नाही, तर ते इफिसच्या मंडळीसारखे होतात. प्रकटीकरणाच्या २ ऱ्या अध्यायात थुवतीरेच्या मंडळीला ईजबेल या खोट्या संदेष्ट्रीला खपवून घेतल्याबद्दल दोष दिला आहे आणि इफिसला दुष्टांना खपवून न घेतल्याबद्दल शाबासकी दिली आहे, पण लगेच त्याच इफिसला सांगितले आहे की तू आपली पहिली प्रीती सोडलीस. वर्गाने थुवतीरेवर तासभर दिला, इफिसवर १० मिनिटे.

दुसरी उणीव अधिकाराच्या प्रश्नाची. मंडळीच्या वडिलांवरचा म्हणजे पुढाऱ्यांवरचा आरोप दोघा-तिघा साक्षीदारांशिवाय दाखल करून घेऊ नये, पण पाप करत राहणाऱ्यांचा सर्वांसमक्ष निषेध करावा, असे पौलाच्या पत्रात त्याचा सहकारी तीमथ्य याला लिहिलेले आहे. पहिले वचन समजावले गेले, दुसरे घाईत वाचले गेले. दोषी व्यक्ती पाळक स्वतःच असेल तर सामान्य सभासदाने कुणाचे दार ठोठवायचे, असा प्रश्न मी विचारला तेव्हा ‘वरच्या अधिकाऱ्यांकडे’ एवढेच उत्तर मिळाले. स्वतंत्र मंडळ्यांना वरचे अधिकारी नसतातच, हे दादर-परळपासून कल्याणपर्यंतच्या कुणालाही ठाऊक आहे. या प्रश्नाला एक संपूर्ण सत्र हवे.

पुस्तिका ६४ पानांची आहे, मजकूर चांगला, छपाई सुमार. हनन्या आणि सप्पीरा यांची कथा प्रेषितांच्या कृत्यांच्या ४ थ्या अध्यायात असल्याचे छापले आहे, ती ५ व्या अध्यायात आहे. पुढच्या आवृत्तीत हे सुधारावे. कायद्याचा भाग पुस्तिकेत अजिबात नाही, त्यामुळे वही न्यावीच लागते. सभागृह दुसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही, याची वयस्कर मंडळींनी नोंद घ्यावी. मागच्या चार रांगांत पंख्यांमुळे नीट ऐकू येत नाही. चहा मिळतो, खायला काही नसते, आणि कल्याण-विरारकडून येणाऱ्यांनी काहीतरी बरोबर ठेवलेले बरे. वर्ग वेळेवर सुरू होतो आणि वेळेवर संपतो.

एक सूचना आयोजकांसाठी: तिसऱ्या शनिवारी तामारेचा अध्याय वाचून झाल्यावर दोन स्त्रिया उठून बाहेर गेल्या आणि जिन्यात रडत होत्या. त्यांच्याशी बोलायला तिथे कुणी नेमलेले नव्हते. वसईच्या बाईच त्यांच्याजवळ जाऊन बसल्या. अशा विषयाच्या दिवशी ऐकून घेणारी एखादी जाणती स्त्री आणि शेजारची एक रिकामी खोली ही फळा-खडूइतकीच आवश्यक सोय मानली जावी.

पाळक, पंच, खजिनदार आणि शब्बाथ शाळेचे शिक्षक यांनी हा वर्ग करावा असे मी निःसंकोचपणे सांगेन, मात्र एका मंडळीतून एकट्यादुकट्याने येऊ नये. मी एकटी गेले होते. सहा शनिवारांनंतर मी जे घेऊन परतले ते दोन पंचांना समजावताना मला महिना लागला, आणि तेच दोघे शेजारच्या खुर्च्यांवर बसलेले असते तर आम्ही परतीच्या गाडीतच बोलायला सुरुवात केली असती. पुढच्या वर्गासाठी त्या दोघांची नावे मी नोंदवली आहेत; तिघे एकाच मंडळीतून आल्यास शुल्कात १०० रुपयांची सूट मिळते, म्हणून तिसरे नाव आमच्या सध्याच्या खजिनदार ताईंचे आहे, आणि ते त्यांनी स्वतःहून दिले आहे.